डिंकाचे लाडू आणि डांग्या खोकला

लेकीला सातवा महिना लागला आणि अमेरिकेहून यादी आली.

सांगलीत, विशेषतः आमच्या विश्रामबागेत, बाळंतपणाला अमेरिकेला न गेलेलं जोडपं शोधायचं तर मतदारयादी घेऊन फिरावं लागेल. त्यामुळे अशा यादीत काय असतं हे आम्हाला तोंडपाठ होतं. डिंक, अळीव, खारीक, मेतकूट, बाळंतशेपा, वेखंडाचं कांड, जुन्या सुती साडीची दुपटी, आणि हे सगळं तेवीस-तेवीस किलोंच्या बॅगांत बसवताना व्हायचं ते भांडण. हिनं तर तिसऱ्या महिन्यातच डिंक आणून ठेवला होता. पण लेकीच्या यादीत डिंकाचे लाडू अकराव्या नंबरवर होते, तेही 'तूप कमी' अशा सूचनेसह. पहिल्या नंबरवर होतं : 'टीडॅप – दोघांनी. बाळाला भेटायच्या निदान दोन आठवडे आधी.' दुसऱ्या नंबरवर : 'फ्लू – दोघांनी.'

हिनं चष्मा वरखाली करून दोनदा वाचलं.

"टीडॅप म्हणजे लंगोटच असणार काहीतरी. तिकडे मिळत नाहीत का? आणि फ्लू इथून कशाला न्यायचा?"

रात्री व्हिडिओ कॉलवर खुलासा झाला.

"बाबा, टीडॅप म्हणजे टिटॅनस, डिप्थीरिया आणि हूपिंग कफ, तिन्हीची मिळून एक लस. मीपण घेतली परवाच. जे कोणी बाळाजवळ येणार त्या सगळ्यांनी घ्यायचीय. बाळाला स्वतःचा पहिला डोस दोन महिन्यांचं झाल्यावर मिळणार. तोवर त्याच्याजवळ कुणी खोकायचं नाही."

"मी कुठं खोकतो?" असं मी म्हणालो आणि खोकलो.

स्क्रीनवर लेक आणि जावई यांनी एकमेकांकडे बघितलं. दोघांनी मिळून व्हिसा रद्द करायला कितीसा वेळ लागतो, असा काहीसा तो भाव होता.

"पण हूपिंग कफ म्हणजे काय गं?" हिनं विचारलं.

"अगं, तो नाही का, महिनोन् महिने चालतो, खोकून खोकून लहान मूल निळं पडतं..."

"अगं बाई! डांग्या खोकला!" ही एकदम उठून उभीच राहिली. "मग आधी नाही का सांगायचं? अहो, उद्याच जाऊन येऊ."

मराठीत रोगांची नावं ज्यानं कोणी ठेवली त्याला आरोग्य खात्यानं पेन्शन द्यायला हवी होती. डिप्थीरिया म्हटलं तर एखादी परदेशी वेल असेल, कुंपणावर चढवावी असं वाटतं. घटसर्प म्हटलं की हात घशाकडे जातो. टिटॅनस कुणी सहज घेईल, धनुर्वात घेणार नाही. कारण नावातच पाठीची कमान दिसते, आणि ते वर्णन खरंही आहे, त्या रोगात स्नायू आवळून माणूस धनुष्यासारखा वाकतो. टायफॉइडला विषमज्वर, कॉलऱ्याला पटकी. आणि सगळ्यांत भयंकर रोगाला तर आपण थेट देवी म्हणालो. 'झाल्या' नाही म्हणायचं, 'आल्या' म्हणायचं. न जाणो, बाईंना राग यायचा. आताच्या पिढीला लसीची भीती जास्त आणि रोगाची कमी वाटते, त्याचं एक कारण माझ्या मते इंग्रजी माध्यम आहे.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. आमचे थोरले डॉक्टर जीभ बघून औषध देत. ते निवृत्त झाले, आता त्यांचा मुलगा बसतो. त्याला जिभेत रस नाही, तो इतिहास विचारतो.

"काका, शेवटची लस कधी घेतलीत?"

"करोनाची."

"त्याआधी?"

"टीटी."

"कधी?"

"खिळा लागला तेव्हा."

"साल?"

"कुठल्या खिळ्याचं?"

यात माझी काही चूक नाही. माझ्या वयाच्या समस्त पुरुषांचं लसीकरण लोखंडानं ठरवलेलं आहे. खिळा, पत्रा, तार, विळी, सायकलचं मडगार्ड. खरचटल्यावर जखम किती खोल हा प्रश्न नंतर येतो, आधी चारी बाजूंनी आवाज येतो : टीटी घेतलंस का? २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी ओसरल्यावर भावाच्या घरातला गाळ उपसताना पायाला पत्रा लागला, तेव्हा घेतलं. लेकीच्या लग्नात मांडवाची तार लागली, तेव्हा अंतरपाट धरायच्या आधी घेऊन आलो. मधे एकदा एका वर्षात दोनदा घेतल्याचंही आठवतं, कारण कंपाउंडर ओळखीचा होता आणि पैसे घेत नव्हता.

धाकट्या डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, जखम असो-नसो, दहा वर्षांतून एकदा घेतली की पुरते. जखम घाण असेल आणि पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा. आणि धनुर्वाताचा गंजाशी संबंध नाही. त्याचे जंतू मातीत असतात, शेणात असतात. खिळा तिथे पडलेला असतो म्हणून गंजाची बदनामी झाली.

मी हिच्याकडे बघितलं. ही तीस वर्षं शेणखतात कोपरापर्यंत हात घालून गुलाब लावतेय. रोज एक तरी काटा लागतोच. पण तिला कुणी कधी 'टीटी घेतलंस का' असं विचारलेलं नाही, कारण गुलाबाला गंज चढत नाही. तिचं शेवटचं टीटी लेकीच्या वेळचं. म्हणजे आमच्याकडे पुरुषांना लोखंड लागलं की आणि बायकांना दिवस गेले की, एवढाच काय तो मोठ्या माणसांच्या लसीकरणाचा कार्यक्रम.

"आता नुसतं टीटी मिळत पण नाही फारसं," डॉक्टर म्हणाले. "टीडी येतं, घटसर्पासकट. आणि टीडॅपमध्ये डांग्या खोकलापण. इंग्रजीत लिहिताना बघा, टी मोठा आणि डी, पी बारके. लहान मुलांच्या लसीत डी मोठा असतो."

"म्हणजे मोठ्यांना छोटा डी आणि छोट्यांना मोठा?"

"हो. मोठ्यांना घटसर्पाचा आणि डांग्याचा भाग कमी लागतो. नुसती आठवण करून द्यायची असते शरीराला."

आठवण करून द्यायची असते, हे ऐकून ही माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यात गॅसचं बुकिंग, तिच्या भावाचा वाढदिवस आणि गेल्या चाळीस वर्षांतलं बरंच काही होतं.

"कार्ड आहे का तुमचं लसीकरणाचं?" डॉक्टरांनी विचारलं.

नव्हतं. आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की आमच्या घरात कार्ड नसलेला मी एकटाच आहे. स्कूटरला पीयूसी आहे. पाण्याच्या फिल्टरला चिकटवलेला कागद आहे, त्यावर पुढच्या सर्व्हिसिंगची तारीख आहे. लेकीचं बाळपणीचं कार्ड हिच्या लोखंडी कपाटात, लग्नाच्या शालूच्या घडीत आहे. ती शिकायला अमेरिकेला निघाली तेव्हा विद्यापीठानं गोवर-गालगुंडाचे दोन डोस झाल्याचा पुरावा मागितला, आणि हिनं शालू झटकून तो एका मिनिटात समोर ठेवला होता. समोरच्या मास्तरांच्या कुत्र्याचंसुद्धा कार्ड आहे, त्यावर त्याचा फोटो चिकटवलाय. माझ्याकडे पुरावा म्हणून फक्त डावा दंड आहे.

तो मी बाही वर करून दाखवला. धाकटे डॉक्टर खुर्चीतून उठले. "देवीची? खरी?" त्यांनी त्या वणावरून बोट फिरवलं, मग आतून कंपाउंडरला बोलावलं, मग परवानगी विचारून फोटो काढला. त्यांचा जन्म देवी हद्दपार झाल्यावर कितीतरी वर्षांनी झालेला. त्यांनी हे पुस्तकात वाचलेलं. आपल्या देशातला शेवटचा रोगी १९७५ सालचा. तेव्हा भिंतींवर लिहिलेलं असायचं, देवीचा रोगी कळवा आणि हजार रुपये बक्षीस मिळवा. आम्ही पोरं शाळेच्या वाटेवर प्रत्येकाच्या तोंडावरच्या मुरमांकडे मोठ्या आशेनं बघायचो. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देवी जगातूनच गेल्याचं जाहीर केलं आणि आमच्या दंडाची गणना पुराणवस्तूंत झाली.

"काकूंनी विचारलं म्हणून सांगतो," असं डॉक्टर पुढे दोन-तीनदा म्हणाले, कारण प्रश्न सगळे हीच विचारत होती. फ्लूची लस दरवर्षी घ्यायची, कारण तो विषाणू दरवर्षी वेश बदलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा नवा नमुना ठरवते : फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात चढतो, त्यामुळे मे महिन्यात द्यायची ती दक्षिणेची.

"दक्षिणेची?" हिचा चेहरा पडला. "अहो, आम्ही शुभकार्याला चाललोय."

"काकू, दिशा तिची. तुम्ही पश्चिमेलाच चाललाय. आणि थंडी पडायच्या आधी तिकडे उत्तरेची घ्याच."

हे तिला पटलं. मग दुसरी शंका. ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात असं तिनं कुठेतरी वाचलं होतं, आणि ते बरोबर निघालं. बहुतेक फ्लूच्या लशी अंड्यातच वाढवतात. आमच्या घरात अंडं येत नाही. दोन मिनिटं गंभीर शांतता पसरली. मग हिनंच तोडगा काढला, "तोंडातून जात नाही ना? मग चालतं." या एका वाक्यानं तिनं धर्मशास्त्राचे बरेच ग्रंथ वाचवले.

"तुम्ही घेतली का?" हा तिचा शेवटचा प्रश्न. डॉक्टरांनी घेतली होती, महिन्यापूर्वी. ही अगदी हाफकिनच्या परंपरेतली चौकशी. प्लेगच्या साथीत त्या माणसानं मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. परळच्या संस्थेला त्याचं नाव आहे. पण हिला हाफकिन माहीत असायची गरज नव्हती. ती भेळवाल्यालासुद्धा आधी तुम्ही खाऊन बघा म्हणते.

मग डॉक्टर एकदा सुरू झाले ते झालेच. न्यूमोनियाची घ्या, साठी उलटलीय. काविळीची 'बी'वाली घेतली नसेल तर तीन डोस : आज, महिन्यानं, सहा महिन्यांनी. पाणीपुरी खायची असेल तर टायफॉइडची. तुमच्या पुतणीला सांगा, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस आहे, जितक्या लहानपणी तितकी बरी, पण विशी उलटली म्हणून वेळ गेली असं नाही. मी मंडईतल्या सवयीनं विचारून गेलो, "सगळ्या मिळून किती?" आणि तेवढ्यात त्यांनी तो प्रश्न विचारला.

"काका, लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?"

"तिसरीत. आठ दिवस कडुनिंबाच्या पाल्यावर झोपून होतो."

"मग तो विषाणू अजून आहे तुमच्यात."

मला वाटलं गंमत करतायत. पण नाही. कांजिण्या जातात, विषाणू जात नाही. पाठीच्या कण्याला लागून मज्जातंतूंची मुळं असतात, तिथे तो वळकटी पसरून राहतो. पन्नास-साठ वर्षं ना आवाज ना हालचाल, गावभागातल्या जुन्या वाड्यातल्या पागडीच्या भाडेकरूसारखा. मालक थकला, त्याचा वचक कमी झाला, की एक दिवस हा उठतो आणि एकाच नसेच्या वाटेनं कातडीवर येतो. तीच नागीण.

माझ्या आत्याला झाली होती. कमरेच्या उजव्या अंगाला पुरळाचा पट्टा उठला. शेजारणींनी गेरू कालवून त्याच्या दोन्ही टोकांना रेघा ओढल्या, नागिणीनं ओलांडू नये म्हणून. तोंड आणि शेपटी एकमेकांना मिळाली की माणूस संपला, हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. आम्ही घरातले रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी आत्याची नागीण कुठवर आली ते बघून यायचो. पावसाळ्यात लोक आयर्विन पुलावर जाऊन पाणी किती फूट झालं बघतात ना, तसं. नागीण मिळाली नाही. श्रेय गेरूला गेलं, आणि गेरू लावणाऱ्या काकू पुढे वीस वर्षं त्या श्रेयावर गल्लीत मान मिळवून होत्या. आता डॉक्टर म्हणाले की ती मिळत नसतेच. डाव्या अंगाच्या नसा वेगळ्या, उजव्या अंगाच्या वेगळ्या. पुरळ सहसा मधली रेघ ओलांडतच नाही. गेरू लावा नाहीतर लावू नका.

पुरळ पंधरा-वीस दिवसांत वाळलं. दुखणं राहिलं. पोलक्याची किनार कातडीला लागली तरी आत्या कळवळायची. वर्षभर ती रात्री ओला पंचा कमरेला धरून ओसरीवर बसलेली असायची. ते बघायला आम्ही कुणी गेलो नाही.

"लस आहे त्यावर," डॉक्टर म्हणाले. "पन्नाशीच्या पुढच्यांना. दोन डोस, मधे दोन ते सहा महिने. नव्वद टक्क्यांहून जास्त काम करते. विषाणूचा एक तुकडा असतो, आणि शरीराला जागं करायला दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाच्या सालीतलं द्रव्य. फेस येतो त्याला, आपल्या रिठ्यासारखं."

"रिठा?" ही म्हणाली. "मग घरगुतीच आहे की."

किंमत घरगुती नव्हती. एका डोसला दहा हजारांच्या वर. ही बँकेच्या पासबुकात हिशेब करत नाही, ग्रॅममध्ये करते. एक डोस, तेव्हाच्या भावानं एक ग्रॅम सोनं. दोघांचे मिळून चार ग्रॅम. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत ती गप्प होती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "बाळाला सोन्याची साखळी पुढच्या वर्षी करू. आता चांदीचे वाळे नेऊ." आणि थोड्या वेळानं, "तुमच्या आत्यांचा पंचा मीच भिजवून द्यायचे. नवीन लग्न झालं होतं आपलं."

हे मला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी कालनिर्णय उघडून हिशेब लावला होता : निघायच्या दोन दिवस आधी पहिला डोस, व्हिसाचे सहा महिने भरायच्या आत डिसेंबरात परत आलात की दुसरा, बरोबर मुदतीत बसतं. अमेरिकेच्या व्हिसानं माझ्या नागिणीचा असा विचार केला असेल, असं वाटलं नव्हतं.

आता आधी टीडॅप आणि फ्लू. लस दुकानातून आपण आणायची आणि टोचणार डॉक्टर, हा आमच्याकडचा रिवाज. लाकूड आपलं, सुतार त्यांचा. औषधांच्या दुकानदारानं चार डबे एका थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्यांसोबत ठेवले आणि मला अशा काही सूचना दिल्या की विसर्जनाला निघालेल्या गणपतीलाही कुणी दिल्या नसतील. दोन ते आठ अंश. उन्हात धरायचं नाही. बर्फ थेट लागू द्यायचा नाही. रस्त्यात थांबायचं नाही.

मे महिना, दुपारचे साडेबारा, सावलीत चाळीस. सांगलीत रस्त्यात न थांबता घरी जाणं हा मुळात असभ्यपणा समजला जातो. पहिल्याच चौकात बँकेतला जुना सहकारी. "काय, आइस्क्रीम घेऊन चाललात? कुणाचा वाढदिवस?" मी स्कूटर न थांबवता 'टीडॅप!' असं ओरडलो. तो आता गावभर सांगत असेल. पुढे सिग्नलला एका ओळखीच्या बाईंनी खोक्याचं झाकण उचलून आत बघायचा प्रयत्न केला. मी त्यांचा हात धरला. ते मागच्या रिक्षातून आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं बघितलं. आणि फाटकाशीच मास्तर भेटले, कुत्र्यासह.

मास्तरांना सगळं सांगावं लागलं. मास्तरांचा लशींवर विश्वास नाही. त्यांच्या मते आपण लहानपणी माती खाल्लेली आहे आणि ती आजन्म पुरते. काढा घ्यावा, सूर्यनमस्कार घालावेत, मोठ्या माणसाला लस म्हणजे थेरं.

"मग करोनाची का घेतलीत?"

"ती वेगळी. त्याचं सर्टिफिकेट होतं."

हे त्यांचं खरं आहे. ते सर्टिफिकेट त्यांनी लॅमिनेट करून दारामागे लावलंय, पंचांगाशेजारी. २०२१ च्या मे महिन्यात एका स्लॉटसाठी शहरातली माणसं गाड्या काढून कुठल्या कुठल्या खेड्यातल्या केंद्रांवर जाऊन उभी राहत होती. आणि पुढच्या वर्षी १५ जुलैपासून ७५ दिवस तिसरा डोस सगळ्या मोठ्यांना फुकट होता, तेव्हा जायला सवड झाली नाही. आधी पाऊस होता, मग श्रावण, मग गणपती, मग पितृपंधरवडा. लस दुर्मिळ असली की हवीशी असते. दारात आली की ती सेल्समन वाटते.

"आणि याची?" मी कुत्र्याकडे बोट केलं.

"याची दरवर्षी. रेबीजची. कार्ड आहे त्याचं," मास्तर अभिमानानं म्हणाले. मग आवाज खाली आणून, "मला स्वतःला चौथीत कुत्रं चावलं होतं. बेंबीभोवती चौदा घेतलीत. दहाव्यानंतर जागा शिल्लक राहिली नव्हती." ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून करत, आपल्याकडे २००५ च्या सुमारास ती बंद झाली आणि आता चार-पाच टोचण्या दंडावरच देतात. पण चौदांचा आकडा आमच्या पिढीच्या बेंबीत कायमचा कोरला गेलाय. मास्तर लशीला का बिचकतात ते मला तेव्हा कळलं, आणि खोक्याला घाम फुटलेला दिसला म्हणून मी पळालो.

दवाखाना साडेपाचला उघडणार होता. हिनं खोकं उघडलं, हात लावून बघितला आणि म्हणाली, "अहो, कोमट झालंय की काय! फ्रीजरमध्ये टाकते."

लग्नानंतर मी तिच्यावर इतक्या मोठ्यानं दोनदाच ओरडलोय. गोठली की टीडॅप वायाच जाते, उष्णतेनं जाते त्याहून लवकर. हे दुकानदारानं मला तीनदा बजावलं होतं. चारी डबे मधल्या फळीवर, कैरीचं पन्हं आणि विरजण यांच्या मधे ठेवले. दारातल्या कप्प्यात ठेवायचं नव्हतं, दार उघडझाप होतं म्हणून. नाहीतर अंड्यांचा कप्पा आमच्याकडे कायम रिकामाच असतो. फ्लूच्या लसीला माहेरी आल्यासारखं वाटलं असतं.

संध्याकाळी टोचून घेतलं. एका दंडात टीडॅप, दुसऱ्यात फ्लू. सांगण्यासारखं काही झालं नाही, ही या प्रसंगातली मोठी उणीव आहे. मी सवयीनं पट्टा सैल करायला गेलो तेव्हा डॉक्टर घाईघाईनं म्हणाले, "काका, दंडात." त्या रात्री दोन्ही दंड ठणकत होते, हिला जरा कणकण आली, फ्लूच्या लसीनं फ्लूच झाला असं तिनं जाहीर केलं. लसीतला विषाणू मेलेला असतो, त्यानं फ्लू होऊ शकत नाही, हे तिला सांगितलं. "मेलेला आहे म्हणूनच तर कणकणीवर भागलं," ती म्हणाली. सकाळी उठून तिनं डिंक तळायला घेतला. तिचे दंड दुखत होते म्हणून खलबत्त्यात खारीक मी कुटली, माझेही दोन्ही दुखत होते तरी.

दंडात लस घालून समुद्र ओलांडणारे आम्ही काही पहिले नव्हेत. देवीची पहिली लस या देशात आली ती अशीच : व्हिएन्नाहून निघाली, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा करत, पुढच्या प्रवासात एका दंडावरून दुसऱ्या दंडावर टोचत टोचत मुंबईला पोचली, आणि १४ जून १८०२ ला ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तिच्यापासून पुढे पुण्याला, सुरतेला. ते लोक लाडू नेत होते की नाही याची नोंद नाही. त्यांच्या बॅगेला तेवीस किलोंची मर्यादा नव्हती, एवढं नक्की.

लेकीला पुरावा हवा होता. मोठ्यांची कार्डं धाकट्या डॉक्टरांकडे नव्हतीच. कधी कुणी मागितलीच नव्हती. त्यांनी खणातून बालकांची दोन कार्डं काढली. मुखपृष्ठावर फुगे धरलेला हत्ती. बाळाचं नाव : माझं नाव. जन्मतारीख : १९६२ मधली. पहिल्या रकान्यात टीडॅप, दुसऱ्यात फ्लू, नागिणीसाठी रकाना नव्हता म्हणून पोलिओ खोडून तिथे. आणि टीडीच्या पुढच्या डोसची तारीख त्यांनी बोटांवर मोजून, पेन क्षणभरही न अडखळता लिहिली : मे २०३५.

मी ती तारीख दवाखान्याच्या बाकावर बसून बराच वेळ बघत होतो. आयुर्विम्याच्या माणसानंसुद्धा इतक्या खात्रीनं माझ्याशी कधी बोलणं केलेलं नाही.

घरी आल्यावर हिनं चष्मा लावून कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. रिकामी जागा तिला बघवत नाही. 'आईचे नाव' भरलं. 'स्तनपान सुरू आहे का' इथे फुली मारली. वजनाच्या रकान्यात एक्क्याऐंशी लिहिलं. मागच्या पानावर वाढीचा आलेख होता, पाच वर्षांपर्यंतचा. हिरव्या पट्ट्यात बाळ असलं की ठीक. माझा ठिपका कुठे द्यायचा यावर आम्ही थोडा वेळ चर्चा केली, शेवटी तिनं तो कागदाच्या बाहेर, डायनिंग टेबलच्या सनमाइकवर दिला. मग फोटो काढून लेकीला पाठवला.

तिकडे सकाळ होती. दोन मिनिटांत उत्तर आलं :

"बाळाचं वजन जास्त आहे. लाडू यादीतून काढून टाका."